सीडी कुणाची, पिक्चर कुणाचा?

२४ जानेवारी २०२५ ला 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' हा जपानी अ‍ॅनिमे चित्रपट आपल्याकडे थेटरांत लागला. चित्रपट मूळ १९९२ चा, म्हणजे तिशी उलटून गेलेली. फोर-के प्रिंट, हिंदी, तमिळ, तेलुगूत नवंकोरं डबिंग, शिवाय इंग्रजी. मी पुण्यात पाहिला. चित्र इतकं स्वच्छ की मागच्या डोंगरांचे आणि आभाळाचे रंग पहिल्यांदा नीट दिसले. मग रावणाने तोंड उघडलं आणि माझा हिरमोड झाला. हा आपला रावण नाही! आपल्या रावणाला अमरीश पुरींचा आवाज होता. रामाला अरुण गोविल, निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा. नव्वदच्या दशकातलं ते जुनं हिंदी डबिंग नव्या प्रिंटबरोबर आलंच नाही.

नवीन आवाजवाल्यांवर माझा काही राग नाही, त्यांनी काम चांगलं केलंय. पण मंडळी, विचार करा. ज्या आवाजात आपल्या पिढीने हा चित्रपट पाहिला, तो आवाज आज कशात उरलाय? कुणीतरी टीव्हीवरून टेप करून ठेवलेल्या आणि नंतर कम्प्युटरवर चढवलेल्या कॉप्यांत. अशा कॉपीत कोपऱ्यात चॅनलचा लोगो असतो, मधेच जाहिरातीचा कट असतो, कधी चित्र थरथरतं. पण रावण तोच असतो.

ऑफिसातली पोरं मला नेहमी विचारतात, सगळं स्ट्रीमिंगवर असताना या डिस्क आणि हार्ड डिस्क कशाला सांभाळत बसतोस? दोनशे-चारशे रुपयांत महिनाभर वाट्टेल ते बघ की. याचं माझं उत्तर जरा लांबलचक आहे, कारण ते उत्तर म्हणजे इतिहासच आहे, आणि त्यातला बराचसा आमच्या बारामती-इंदापूरकडचा आहे.

आधी या चित्रपटाचंच बघू. युगो साको हा जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये भारतात आला तो डॉक्युमेंटरी करायला. प्रयागजवळ बी. बी. लाल यांनी रामायणाशी निगडित ठिकाणी जे उत्खनन केलं होतं, त्यावर. रामायण वाचता वाचता हा माणूस त्यातच अडकला आणि पूर्ण चित्रपट करायचं त्याने ठरवलं. परदेशी माणूस रामाचं कार्टून करतोय म्हणून आक्षेप आले, सरकारी भागीदारी काही जमली नाही आणि शेवटी मुख्य काम जपानात झालं. सहदिग्दर्शक होते राम मोहन. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून घडलेला हा माणूस, भारतीय अ‍ॅनिमेशनचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. संगीत वनराज भाटियांचं. इंग्रजी आवृत्तीतही गाणी संस्कृतातच होती आणि ती लिहिली वसंत देवांनी. हो, तेच ज्यांनी तेंडुलकरांचा 'घाशीराम' हिंदीत नेला. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. तारीख पाहिलीत ना? बाबरी पडून महिना झाला होता. रामावरच्या चित्रपटासाठी याहून अवघड वेळ शोधून सापडली नसती. आमच्या बाजूच्या थेटरांत तो तेव्हा आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. लोकांनी पाहिला तो पुढे कार्टून नेटवर्कवर.

त्याच १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली सुरू झाला. 'जंगल बुक' ही निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ५२ भागांची मालिका, जपानमध्ये १९८९-९० मध्ये दाखवलेली. गुलजारांचं ते गाणं सगळ्यांनाच पाठ आहे, संगीत विशाल भारद्वाजचं, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा! अ‍ॅनिमे हा शब्द इंदापूर तालुक्यात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. हे जपानी आहे हेही माहीत नव्हतं. कार्टून म्हणजे कार्टून.

आता गंमत अशी की टीव्हीचं प्रक्षेपण हेही एका अर्थाने स्ट्रीमिंगच. तुमच्या हातात काही राहत नाही. रविवारी सकाळी नेमकी लाइट गेली की तो भाग गेला. पुन्हा कधी लागेल ते दिल्लीत ठरणार. पुढे भारनियमन आलं तेव्हा तर दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची, आणि आमच्याकडे टाइमटेबल कार्यक्रमांचं नसून लाइटचं असायचं. आठवड्याचा फिडर दिवसाचा की रात्रीचा यावर ऊस भिजवायचा कधी ते ठरायचं, आणि टीव्ही बघायचा कधी तेही. मोटारीला लाइट हवी म्हणून घरातला टीव्ही बंद, हेही व्हायचं.

म्हणून आमच्या भागात 'व्हिडिओ आणणे' हा प्रकार लोकांना इतका प्रिय होता. आता हे सांगितलं तर पोरांना खोटं वाटतं. गणपतीत, नवरात्रात, कुणाच्या घरी पूजा असली की व्हीसीआर आणि कलर टीव्ही एका रात्रीच्या भाड्याने आणायचा. तीन कॅसेटा. पहिला देवाधर्माचा, दुसरा मराठी, तिसरा मारामारीचा, तोपर्यंत बायाबापड्या झोपायला गेलेल्या. आळीतले सगळे अंगणात. कॅसेट दुकानदाराची, मशीन दुकानदाराचं, पिक्चर मुंबईतल्या कुणाचा तरी. तरी ती रात्र आपली असायची, कारण कधी सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे आपल्या हातात होतं. लाइट गेली तर वाट बघायची आणि पुढे चालू करायचं. पिक्चर कुठे पळून जात नव्हता.

मग व्हीसीडी आली. ही खरी क्रांती, आणि तिचा इतिहास कुणी नीट लिहिलेला नाही असं माझं आपलं मत आहे. व्हीसीडीचं मानक १९९३ चं. चित्र ३५२ बाय २८८, एमपीईजी-१, एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं. म्हणून हिंदी पिक्चर दोन नाहीतर तीन डिस्कवर यायचा आणि मध्यंतर कुठे हे डिस्कच ठरवायची. पार्ट दोनवर ओरखडा असला की नायकाचा बाप नक्की कशाने मेला ते कायमचं गुलदस्त्यात. पण तिला कसलंही कुलूप नव्हतं. कम्प्युटरमध्ये घातली की एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसायचा, त्यात एक डॅट फाइल. ती उचलून हार्ड डिस्कवर टाकली की काम झालं. दुकानातून दहा रुपये भाड्याने आणलेली सीडी परत जायची, पिक्चर घरीच राहायचा. केबलवाला रात्री स्वतःच्या चॅनलवर लावायचा तो पिक्चर बहुधा असाच आलेला असे.

त्यानंतर २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. त्याआधी अस्सल डिस्क शे-दीडशेच्या घरात असायची आणि ती विकत घेणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. २८ रुपये म्हणजे दोन वडापाव आणि दोन चहा. बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरून सीडी विकत घेऊन इंदापूरच्या गाडीत बसणं आता सर्वसामान्य झालं. पायरेटेडवाल्याला कायद्याने जे जमलं नाही ते किमतीने करून दाखवलं. ही कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली. पण तिची डिस्क आजही प्लेअरमध्ये घातली की चालते. चालण्याआधी ती कुणाच्या सर्व्हरला विचारायला जात नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादातला हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. विकणारा गेला तरी विकलेली वस्तू राहिली.

अ‍ॅनिमे मात्र या स्वस्ताईत फारसं नव्हतं. अ‍ॅनिमॅक्स वाहिनी २००४ मध्ये भारतात आली, पण गावाकडच्या केबलवर ती कधी दिसे, कधी नाही. शिंगाड्या शिनचॅन हिंदीत आला आणि घराघरांत पोचला, तर २००८ मध्ये सरकारने त्याच्यावर बंदी घातली. नंतर परत आला तो बराच कापूनकुपून. म्हणजे बघा, वाहिनीवर जे दिसतं ते उद्या तसंच दिसेल याची हमी तेव्हाही नव्हती.

मग हौशी लोक डाउनलोडकडे वळले. बीएसएनएलचं डेटावन २००५ मध्ये आलं, त्याच्या एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट असायचं. सुरुवातीचा वेग २५६ केबीपीएस. आता हिशेब करा. सहा तासांत, एकदाही कनेक्शन न तुटता, कागदावर जेमतेम ६९० एमबी. आणि तिकडे फॅनसब करणारे, म्हणजे जपानी भागाला स्वतः इंग्रजी सबटायटल्स लावून फुकट वाटणारे लोक, एक भाग साधारण १७५ एमबीचा करायचे. का? तर ७०० एमबीच्या सीडीवर बरोबर चार बसावेत म्हणून. एक रात्र, चार भाग, एक सीडी. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणीतरी ठरवलेला आकार बारामतीतल्या कॉलेजच्या पोरांच्या झोपेच्या वेळेत असा चपखल बसला होता :) हे बेकायदा होतं यात आडपडदा नको. पण कायदेशीर दुकानच नव्हतं हेही तितकंच खरं. जपानहून अस्सल डीव्हीडी मागवावी तर ती विभाग २ ची, अमेरिकेतून मागवावी तर विभाग १ ची, आणि भारत विभाग ५ मध्ये. ब्लू-रेत जपान आणि अमेरिका दोघंही 'ए' मध्ये आले, भारत मात्र 'सी' मध्ये. म्हणजे पैसे मोजून, कस्टम भरून आणलेली डिस्क आपल्या प्लेअरने 'चालणार नाही' म्हणून परत बाहेर काढायची. विकत घेतली म्हणजे आपली झाली, हे डिस्कच्या बाबतीतही पूर्ण खरं नव्हतं. जी आपली होती ती बिनकुलपाची गरीब व्हीसीडी.

स्ट्रीमिंगचं नंतर काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात फार वेळ घालवत नाही. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ. २०१७ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅनिमॅक्स भारतात टीव्हीवरून बंद झालं. २०१९ मध्ये चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज करून 'वेदरिंग विथ यू' थेटरात आणायला लावला. क्रंचीरोलवर हिंदी डबिंग आलं. आज माझ्या आत्याचा नातू निमगावच्या मळ्यात बसून, टोकियोत लागलेला भाग त्याच दिवशी मोबाइलवर बघतो. कायदेशीर, पैसे देऊन. रात्रीचे दोन वाजायची वाट बघावी लागत नाही. हे चांगलंच झालंय. स्ट्रीमिंगला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी कबूल करावं, नाहीतर त्यांचं सगळं बोलणं 'आमच्या वेळी' छापाचं होऊन बसतं.

माझी अडचण एकाच शब्दाची आहे. 'खरेदी'.

अमेरिकेत फनिमेशन नावाची कंपनी अ‍ॅनिमेच्या डिस्क विकायची. डब्यात एक कोड असायचा, तो टाकला की तुमच्या खात्यात डिजिटल कॉपी जमा. २०२१ मध्ये तिने क्रंचीरोल विकत घेतलं, मग दोन्ही एकत्र करायचं ठरलं, आणि २ एप्रिल २०२४ ला फनिमेशनचं अ‍ॅप आणि वेबसाइट बंद झाली. सबस्क्रिप्शन क्रंचीरोलवर गेलं. डिजिटल कॉप्या गेल्या नाहीत, तशी सोयच नव्हती. ज्यांनी कोड टाकून डिस्क विकून टाकली होती त्यांच्या हातात काही राहिलं नाही. ज्यांनी डिस्क कपाटात ठेवली त्यांची डिस्क कपाटातच होती. अशा प्रकारांवर ओरड झाल्यावर कॅलिफोर्नियाने कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे, ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट न सांगता डिजिटल मालावर 'खरेदी करा' असं लिहिता येत नाही. आणि त्यातलं एक कलम मला फार आवडलं. जे कायमचं डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येतं, त्याला हा नियम लागू नाही. म्हणजे कायद्यालाही तो फरक कळला.

इथे थोडं धंद्यातलं सांगतो. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये 'डाउनलोड' नावाचं बटण असतं. ते दाबल्यावर फाइल तुमच्या फोनवर येते हे खरं, पण ती कुलूपबंद असते. किल्ली सर्व्हरकडून येते, तिला मुदत असते, आणि मुदत संपली की अ‍ॅप पुन्हा विचारायला जातं. सर्व्हर नाही म्हणाला की तुमच्याकडे उरतात ते नुसते आकडे. हे कुणाचं कारस्थान नाही, हक्क मुदतीचे असतात म्हणून यंत्रणाही मुदतीची केलेली आहे. उजनीच्या पाण्यासारखं आहे ते. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होड्या करून बघायला जातात, आणि पाणी चढलं की परत आत. पाणी किती आणि कधी सोडायचं हे काठावरच्या माणसाला कुणी विचारत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कंपन्यांकडे मूळ प्रती असतातच की, त्या सांभाळतील. सांभाळतात, कधीकधी. दूरदर्शनने एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, जंगल बुक पुन्हा दाखवलं. रोज दुपारी १ वाजता. म्हणजे मोगली जपला गेला होता, आणि त्याबद्दल दूरदर्शनला मानायलाच हवं. पण आपल्या सिनेमाचा एकूण इतिहास काही इतका आश्वासक नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, चार रिळांचा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिली आणि शेवटची एवढीच आहेत, आणि ती तरी १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, हाताला लागतात ते तीसेक, तेही बरेचसे अर्धेमुर्धे. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' गेला, उरलाय तो नंतरचा बोलपट. का गेले? धंदा संपला की प्रिंटला किंमत नसायची. त्यातली चांदी काढून घ्यायचे आणि बाकीचं भंगारात. मालकाला माल नकोसा झाला होता.

हे संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटानंतर पन्नास वर्षांनी. पी. के. नायर या माणसाने त्यात आयुष्य घातलं. 'कालिया मर्दन' (१९१९) आज बघता येतो, कारण नायर फाळके कुटुंबापर्यंत पोचले आणि उरलेले तुकडे जुळवत बसले. म्हणजे तो कुणाच्या तरी घरात होता. आणि ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. प्रभातच्या वगैरे जुन्या प्रिंटा जळाल्या. ज्यांची सेफ्टी फिल्मवर आधीच कॉपी काढून झाली होती ते चित्रपट वाचले. बाकीचे नाही.

आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा. 'राजा हरिश्चंद्र' केव्हाच सगळ्यांचा झालाय, पण सगळ्यांचा होईपर्यंत निम्मा उरला. त्या जपानी रामायणाचे हक्क २०५० च्या पुढेच सुटतील. चित्र टिकेल, फोर-के झालंय. अमरीश पुरींचा रावण टिकेल का, हे मालकाच्या इच्छेवर नाही तर कुणाच्या तरी माळ्यावरच्या टेपवर ठरणार आहे.

डिस्क म्हणजे अमरपट्टा असंही नाही. सीडीचा परावर्तक थर लेबलाच्या बाजूला असतो, लेबल खरवडलं की खेळ खलास. घरी जाळलेल्या सीडीतली डाय उन्हाने, दमटपणाने मरते. माझ्या जुन्या सीड्यांतल्या चारपैकी एक तरी वाचता येत नाही. हार्ड डिस्क तर न सांगता जाते. म्हणून माझ्याकडे सगळ्याच्या दोन प्रती, एक पुण्यात, एक गावी, आणि वर्षातून एकदा चेकसम ताडून बघतो. दिवाळीच्या साफसफाईत तेही एक काम धरलेलं आहे. आई म्हणते, कुलधर्मच झालाय याचा.

व्हीएचएसचं काम मात्र घाईचं आहे. त्या टेपांना बुरशी धरते, आणि चालू व्हीसीआर दुरुस्त करणारा माणूस आता सहज मिळत नाही. तेव्हा मंडळी, तुमच्या घरी माळ्यावर, लग्नाच्या कॅसेटींच्या ढिगात, 'कार्टून' असं पेनने लिहिलेली एखादी टेप असेल तर टाकू नका. विशेषतः नव्वदच्या शेवटी शेवटी कार्टून नेटवर्कवरून टेप केलेली असेल तर. माझ्याकडच्या कॉपीत लंकेतल्या युद्धात साधारण अकरा मिनिटं आवाज नाही.